पाच ओंब्या

युक्रेनियन भाषेत थंडीला 'खोलोद' म्हणतात आणि भुकेला 'होलोद'. एका अक्षराचा फरक. २०१२ च्या नोव्हेंबरपासून २०१३ च्या मार्चअखेरपर्यंत मी पोल्तावा प्रांतातल्या एका खेड्यात राहिले. तिथल्या शाळेत मुलांना इंग्रजी बोलायची सवय लावायची, असं ते स्वयंसेवी काम होतं. निघताना ज्यानं त्यानं मला खोलोदची भीती घातली. आम्ही बेळगावची माणसं, डिसेंबरात पहाटे स्वेटर चढवला की लई थंडी पडली म्हणणार. होलोदबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता.

थंडीचं फार सांगत नाही. पारा शून्याच्या खाली वीसपर्यंत उतरायचा. दोन काचांच्या मध्ये कापूस ठासलेल्या खिडक्या, गुडघ्यापर्यंत बूट आणि घराच्या मधोमध विटांची भली मोठी भट्टी. तिला 'पीच' म्हणतात. तिच्यातच पाव भाजायचा, तिच्यावरच भात-भाजी शिजायची आणि तिच्याच पाठीवर अंथरूण घालून म्हातारी माणसं झोपायची. मी ज्या घरी राहिले तिथे शाळेतली इंग्रजीची बाई आणि तिची आजी अशा दोघीच होत्या. आजीला तिकडे 'बाबुस्या' म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. जन्म १९२८ चा, म्हणजे तेव्हा चौऱ्याऐंशीची. आमचं दोघींचं बोलणं नातीच्या तोंडून चाले. पण स्वयंपाकघरात दुभाषी कितीशी लागते!

मी पोचले आणि थोड्याच दिवसांत, २४ नोव्हेंबरला, दुपारी चार वाजता बाबुस्यानं खिडकीत मेणबत्ती लावली. बाहेर अंधारून आलं होतं. समोरच्या घरात मेणबत्ती, त्याच्या पलीकडच्याही. मला वाटलं सण असेल. सण नव्हता. नोव्हेंबरचा चौथा शनिवार हा तिथे भुकेनं मेलेल्यांचा दिवस असतो. १९३२-३३ सालच्या त्या भुकेला ते 'होलोडोमोर' म्हणतात, म्हणजे भुकेनं मारणं. दुष्काळ हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. दुष्काळात पाऊस जातो. इथे पाऊस गेला नव्हता.

पोल्ताव्याची माती काळीभोर, आपल्या कृष्णाकाठासारखी. तिथे गहू पिकायला कसली अडचण? स्टालिनच्या सरकारनं १९२९ पासून शेतकऱ्यांच्या जमिनी, बैल, घोडे सामुदायिक शेतीत ओढून घेतले. जो जरा बऱ्यापैकी खाऊनपिऊन होता त्याला 'कुलाक' ठरवून घरादारासकट सायबेरियाकडे पाठवलं. उरलेल्यांवर धान्याची वसुली बसवली. १९३२ चं पीक बेताचं आलं, वसुली मात्र बेताची झाली नाही. त्या साली ७ ऑगस्टला कायदा निघाला. सामुदायिक शेतातलं काही उचललं तर गोळी, नाहीतर किमान दहा वर्षं तुरुंग. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'पाच ओंब्यांचा कायदा'.

बायांनो, आपल्यापैकी शेतकरी घरातल्या ज्या असतील त्यांना 'सरवा' माहीत असेल. कापणी झाल्यावर रानात पडलेली कणसं, ओंब्या गोरगरिबांच्या बायका-पोरं वेचून नेतात. मालक कितीही चिक्कू असला तरी सरवा वेचणाऱ्याला हाकलत नाही. तिथे त्या सरव्याला गोळी होती.

जैन म्हटलं की बाहेरच्यांना दुकानदार दिसतो. पण बेळगाव, चिक्कोडी, सांगलीकडचे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. माझ्या माहेरी घरापुढं पेव होतं. जोंधळा त्यात उतरवून वर माती लिंपायची. उघडताना आधी दिवा खाली सोडून बघायचा, विझला तर आत माणूस उतरवायचा नाही. धान्य जमिनीच्या पोटात ठेवणं ही आमच्यासाठी शहाणपणाची गोष्ट. पोल्ताव्याकडच्या बायकांनीही त्या हिवाळ्यात तेच केलं. मूठमूठ धान्य अंगणात पुरलं, पीचच्या विटांमागं लपवलं, पाळण्यात बाळाखाली घातलं. मग वसुलीवाले आले ते लांब लोखंडी सळया घेऊन. अंगणात खुपसत, जमिनीत खुपसत, पीच फोडून बघत. बाबुस्या तेव्हा चार-पाच वर्षांची. तिला चेहरे आठवत नव्हते, सळई आठवत होती. आणि एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली, ते परके नव्हते, गावातलेच होते.

ज्या गावानं वसुली पुरी केली नाही त्याला 'काळ्या फळ्यावर' घालत. शाळेतल्या फळ्याला जो शब्द तोच हा. मी रोज सकाळी त्या शब्दावर खडू चालवायची, म्हणून तो माझ्या जास्तच डोक्यात बसला. काळ्या फळ्यावर गेलेल्या गावाला मीठ मिळायचं नाही, काडेपेटी नाही, रॉकेल नाही. मग लोक गाव सोडून निघाले. तेव्हा २२ जानेवारी १९३३ ला स्टालिन आणि मोलोतोव यांच्या सहीचा हुकूम निघाला, युक्रेन आणि कुबानमधल्या शेतकऱ्यांना बाहेर जाऊ द्यायचं नाही. स्टेशनांवर तिकिटं बंद, वाटेवर पहारे. हे सगळं चालू असताना धान्य बाहेर देशी जातच होतं. अभ्यासक आज सांगतात, युक्रेनमध्ये पस्तीस ते एकोणचाळीस लाख माणसं मेली. हा वंशसंहार होता असं युक्रेनच्या संसदेनं २००६ साली कायदा करून म्हटलं. त्या शब्दावर इतिहासकारांचे वाद आहेत, आणि कझाकस्तानातही त्याच काळात माणसं भुकेनं मेली. तो वाद त्यांनी करावा. भुकेल्या माणसाला भाकरीच्या दिशेनं चालूही द्यायचं नाही, हा हुकूम मला पुरेसा आहे.

आता माझ्या जेवणाची गंमत सांगते. डिसेंबरात तिथे पावणेचारला सूर्य मावळतो. अंथऊ करायचं म्हणजे साडेतीनला जेवून मोकळं व्हायचं! शाळेतून यायचं आणि बूट काढताकाढता ताटावर बसायचं. त्यात बीट, बटाटा, कांदा, लसूण, गाजर चालत नाही म्हटल्यावर त्यांचा अर्धा स्वयंपाकच बाद झाला. बोर्श्च तर नुसतं वासावर. उरलं काय, तर 'ह्रेच्का' म्हणजे कुट्टू, वरीसारख्या पिवळ्या दाण्यांचा भात, राजम्यासारखे घेवडे, कोबी, लाल भोपळा आणि वाळवलेल्या सफरचंदांचं गरम पाणी. मजेत झालं माझं. ह्रेच्का दळून आणून मी तव्यावर भाकरी थापली तेव्हा दोघी बघत उभ्या राहिल्या. उकळत्या पाण्यात पीठ मळतात हेच त्यांना नवल. भाकरी उलटताना ओट्यावर जे पीठ सांडलं ते बाबुस्यानं तळहातानं गोळा केलं, फुंकर मारली आणि डब्यात परत टाकलं.

मांस न खाणं तिला कळायचं. नाताळच्या आधी चाळीस दिवस त्यांचाही 'पीस्त' असतो. मांस, दूध, अंडं काही नाही. पण चतुर्दशीला मी निरंकार उपास धरला, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन बसली.

"कोणी मना केलंय?" तिनं नातीकडून विचारलं.

"कोणी नाही. माझं मीच."

"आजारी आहेस?"

"नाही."

तिला पटलं नाही. उठली, पिठाचा डबा आणून माझ्यापुढं उघडला. काठोकाठ भरलेला होता. बघ, आहे आपल्याकडं, असं ते दाखवणं होतं.

मी लहानपणापासून उपासाच्या कौतुकात वाढलेली बाई. कुणी अठ्ठाई केली, कुणी महिन्याचे उपास केले की आपण गावभर मिरवणूक काढतो, पारण्याला मुगाचं पाणी हातानं पाजतो. त्या पारण्यात केवढा भरवसा असतो याचा मी कधी विचार केला नव्हता. पाणी पाजणारा हात समोर असतो आणि घरात मूग असतो. त्या दिवशी मी उपास मोडला नाही. पण नंतरच्या चतुर्दश्यांना सकाळीच तिला सांगून टाकायची, उद्या सूर्य उगवला की खाणार आहे. मग ती नातीला वेळ बघायला लावायची. पावणेआठ.

तिच्या आईनं त्या १९३३ च्या वसंतात पोरांना काय खाऊ घातलं ते तिनं हळूहळू सांगितलं. बाभळीसारख्या एका झाडाची फुलं. लिंडनची पानं. आदल्या साली रानात राहून सडलेले बटाटे. आणि 'लोबोदा'. ही लोबोदा काय म्हणून मी विचारत राहिले, तर नातीनं पुस्तकातलं चित्र दाखवलं. अगं बाई, हा तर आपल्या चाकवत-चंदनबटव्याच्या जातीचा! ताकातली चाकवताची भाजी मला जीव की प्राण. बाबुस्या मात्र लोबोदा अंगणात उगवलेली दिसली की उपटून टाकायची.

सरकारनं शहरांतून 'तोर्गसिन' नावाची दुकानं काढली होती. तिथे पैसे चालत नसत, सोनं-चांदी आणायची आणि पीठ न्यायचं. बायकांनी लग्नातल्या अंगठ्या, कानातलं, गळ्यातले क्रूस नेऊन घातले. बाबुस्याच्या आईनं दोन्ही कानातली चांदीची कुडी पोल्ताव्याला चालत नेऊन दिली. पिठाचं वजन तिला माहीत नव्हतं. आई परत येताना फडक्याची गाठ छातीशी धरून आली, एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत आईनं कानात काही घातलं नाही.

हे सगळं जगापासून लपवलं गेलं. मॉस्कोत बसलेले काही नामांकित वार्ताहर लिहीत होते की भूकबळी नाहीतच. न्यूयॉर्क टाइम्सचा वॉल्टर ड्युरँटी त्यांतला मोठा, आदल्याच वर्षी पुलित्झर मिळालेला. गॅरेथ जोन्स नावाचा सत्तावीस वर्षांचा वेल्श तरुण मार्च १९३३ मध्ये खार्किवच्या अलीकडं रेल्वेतून उतरला, खेड्याखेड्यांतून पायी हिंडला आणि बर्लिनला येऊन त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. ड्युरँटीनं त्याला छापून खोटं पाडलं. जोन्सबद्दल मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याची आई लग्नाआधी, १८८९ च्या सुमारास, आजच्या दोनेत्स्कमध्ये एका वेल्श कारखानदाराच्या घरी मुलांना शिकवायला राहिली होती. तिच्या तोंडून त्या देशाच्या गोष्टी ऐकत हा पोरगा वाढला. इतिहासाच्या पुस्तकात आईचं हे एक वाक्य असतं, तेही असलं तर.

देशातही तोंड उघडायची सोय नव्हती. १९३७ ची जनगणना झाली, माणसं कमी भरली. तर जनगणनाच रद्द केली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडलं. पुढं पन्नासेक वर्षं तो विषय काढायचा नाही. पण बाबुस्यासारख्या घरांतून पाव कधी पालथा ठेवला नाही, तुकडा कधी टाकला नाही. शिळे तुकडे पीचवर वाळवून कापडी पिशवीत भरून ठेवायचे. तिच्या मुलांना त्याचं कारण माहीत नव्हतं. आईची खोड, असं ते समजत. नात शिकायला लागली तेव्हा देश वेगळा झाला होता. तिनं शाळेच्या पुस्तकात वाचलं आणि घरी येऊन त्या पिशवीकडं बघितलं.

आपल्याकडं काय वेगळं झालं? १८७६ ते ७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी जिल्हे ओस पडले, आणि तेव्हाही हिंदुस्थानातून गहू विलायतेला जातच होता. सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य नि एक आणा ठरवला. दिवसभर खडी फोडायची आणि एक पौंड! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध लिहिलं म्हणून आज कागद तरी आहे. आमच्या घरातल्या कुठल्या बाईनं तेव्हा काय शिजवलं, हे मला सांगणारं मात्र कोणी उरलेलं नाही. बाबुस्याजवळ बसून मी एवढं खोदून विचारायची ते काही अंशी यासाठीही असेल.

२०२३ पर्यंत ६ जानेवारीला त्यांची नाताळची पूर्वसंध्या असायची. बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे. पहिली चांदणी दिसली की ते जेवतात, आणि मला चांदणी दिसायच्या आत जेवायचं! म्हणून माझं ताट उजेडी वाढलं. 'कुत्या' म्हणजे आख्ख्या गव्हाची खसखस घातलेली खीर म्हणा. तिच्यात मध असतो, माझ्यासाठी बिनमधाची वाटी बाजूला काढली होती. रात्री कुत्या टेबलावर तशीच राहू दिली, चमच्यांसकट. घरातली गेलेली माणसं येऊन खातात म्हणे. बाबुस्यानं तीन चमचे जास्तीचे ठेवले. तीन का ते मी विचारलं नाही.

आणि १४ जानेवारीला, आपल्या संक्रांतीच्याच दिवशी, तेव्हा त्यांचं जुनं नवं वर्ष असायचं. सकाळी सकाळी मुलगे दारात यायचे आणि घरात गहू उधळायचे. बोरन्हाणासारखंच. मी तीळ-गूळ नव्हे पण तीळ-साखरेच्या वड्या केल्या होत्या, त्या वाटल्या. पोरं गेल्यावर बाबुस्या गुडघ्यांवर बसून पलंगाखालचा, कोपऱ्यातला एकेक दाणा वेचत होती. मीही बसले. नात म्हणाली, "असू द्या, मी झाडते." आम्ही दोघींनी ऐकलं नाही.

परतताना कीवला गेले. २२ मार्चला तिथे एवढा बर्फ पडला की गाड्या रस्त्यातच अडकून पडल्या. बर्फ तुडवत नदीकाठच्या स्मारकाला पोचले. दारात एका हडकुळ्या मुलीचा पुतळा आहे, हात छातीशी, हातात पाच ओंब्या. आत मोठे मोठे ग्रंथ आहेत, प्रांतवार मेलेल्यांच्या नावांचे. पोल्ताव्याचा काढून तिचं गाव शोधलं. तिच्या आडनावाची तीन नावं होती. वयं लिहिलेली होती.

बाबुस्या २०१७ ला गेली. २०२२ च्या १ मार्चला खार्किवमध्ये आपल्या हावेरी जिल्ह्यातला वैद्यकीय शिकणारा मुलगा मारला गेला. खायचं सामान आणायला बाहेर पडला होता. आठवड्यानं सुमीतून ६९४ भारतीय मुलं बसमधून पोल्ताव्याला आणली, तेव्हा इथं आम्ही टीव्हीसमोर बसून होतो. नात आता पोल्ताव्यात सदनिकेत राहते. तिथे पीच नाही, विजेची भट्टी आहे, आणि त्या हिवाळ्यात वीज तासन्‌तास नसायची. तिचा निरोप आला, गॅसच्या छोट्या शेगडीवर तू ह्रेच्काची भाकरी करायचीस ती कशी, लिहून पाठव. मी लिहून पाठवलं. पाणी कडकडीत हवं, पीठ जुनं नको, आणि थापताना हाताला पाणी लाव.