मागच्या दाराने कोकण

हर्णे, दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग. या गावांत आपण आज मोटारीने जातो म्हणजे मागच्या दाराने शिरतो. गावांचं तोंड पाण्याकडे आहे. जुना बाजार, वखारी, कस्टमची कचेरी, सगळं बंदराच्या अंगाला; सडक येते ती सड्यावरून घाटी उतरत, गावाच्या पाठीकडून. एकटा गेलो असतो तर हे माझ्या लक्षात आलं नसतं. घरचे वडीलधारे अण्णा बरोबर होते.

अण्णांची नोकरी पोस्टातली आणि बदल्या बहुतेक बंदरपट्टीतल्या. १९६० नंतरची ती वर्षं. त्यामुळे त्यांचे मित्र किनाऱ्याने विखुरलेले, सगळे ऐंशीच्या पुढचे, फोनवर एकमेकांना नीट ऐकू न येणारे. 'एकदा सगळ्यांना भेटून येऊ' हे पालुपद बरीच वर्षं चाललं होतं, पण गाडं गुडघ्यांवर आणि कमोडवर अडायचं. शेवटी एक कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. दोन बर्थ, शेगडी, पाण्याची टाकी आणि अण्णांच्या हिशेबी सगळ्यात महत्त्वाचा तो कमोड. झोपायला मात्र ती गाडी फारशी उपयोगी पडली नाही. खळ्यात गाडी लावली की घरची मंडळी पुढ्यात उभी: "घर असताना गाडीत निजणार? लोक काय म्हणतील?" केळशीच्या बोळातून जाताना दोन्हीकडचे चिऱ्यांचे गडगे आरशांना टेकत होते. मी घामाघूम, आणि अण्णा मागे बर्थवर उताणे पडून खिडकीतून माडांची उंची सांगत होते.

पहिला मुक्काम अलिबागजवळ आत्याकडे. 'रामदास' बोटीबद्दल ती आपण होऊन कधी बोलत नाही. अण्णांनी विषय काढला म्हणून बोलली. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस, आणि चाकरमानी घरी निघाले होते. आत्या तेव्हा शाळकरी. तिच्या आईने कणकेचे दिवे उकडून ठेवले होते, ते त्या संध्याकाळी कुणी लावले नाहीत. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, म्हणून बराच वेळ मुंबईला पत्ताच नव्हता. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघालेले. त्यांनी मासळी समुद्रात ओतली आणि होड्यांत माणसं भरली. हे छापूनही आलेलं आहे. पण आत्या सांगते तेव्हा टोपल्या कुणाकुणाच्या होत्या हेही सांगते.

'रामदास' ज्या कंपनीची, ती स्वदेशीच्या चळवळीतून निघालेली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. अपघात काही पहिला नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तरी लोक बोटीने जातच राहिले. दुसरी वाट होती कुठे? कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावायला १९९८ साल उजाडलं.

हर्णेला संध्याकाळी पोचलो तेव्हा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगात आला होता आणि मागे सुवर्णदुर्ग. इथले काका अण्णांपेक्षा वयाने मोठे, म्हणून अजूनही 'अरे पोस्टमन' म्हणतात. अण्णा पोस्टमन कधीच नव्हते. काकांच्या आठवणीत अण्णांची पहिली एंट्री अशी: हर्णेला बोट काठाला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. उतारूंनी शिडीवरून खाली पडावात उतरायचं, तेही लाटेने पडाव वर आला की नेमकं त्या क्षणी. अण्णांना रात्रभर बोट लागलेली. तांडेलाने त्यांना बखोटीला धरून उचललं आणि टपालाच्या थैल्यांवर टाकलं. "टपाल सांभाळायला माणूस येणार म्हणून आम्ही बघायला गेलो, तर टपालानेच माणूस सांभाळलेला!" अण्णांनी हा आरोप तिथल्या तिथे फेटाळला. काकू चहा घेऊन आल्या नि त्यांनी काकांची बाजू उचलून धरली.

पावसाळ्यात या लांबच्या बोटी बंद. मिरगाआधी आगोट भरायची, म्हणजे मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळं घरात यायला हवं. पुढे समुद्र निवळेपर्यंत गाव आपल्यापुरतं. ही गोष्ट काकांनी सहज सांगितली. पुढे विजयदुर्गाला ती माझ्या कामी आली.

आता खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत. आगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. गाडीसकट आपण पाण्यावर, आणि तेवढा वेळ अण्णा खाली उतरून कठड्याला धरून उभे. लोक फोटो काढतात ते आरे-वारेच्या वळणावर. जागा सुंदर आहे, वाद नाही. पण माझं मत विचाराल तर फेरीबोटीवरून दिसणारं दाभोळ त्याहून सरस. डोंगराच्या पायथ्याशी चिकटलेलं ते गाव पाण्यातूनच बघायला हवं. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीच्या वाटेवर याच बंदरातून जहाजावर चढला होता. दाभोळच्या मित्रांनी मात्र अण्णांना ओळखलं नाही. सून पुन्हापुन्हा नाव सांगत होती. त्यांनी अण्णांकडे बघून एवढंच विचारलं, "बोट आली काय?" अण्णा म्हणाले, "आली."

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. त्यावर इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे, म्हणून पुढे जातो.

विजयदुर्गचे मास्तर सेवानिवृत्त, काठी टेकत पण आवाज वर्गातलाच. तीन अंगांनी पाणी असलेला तो किल्ला त्यांनी आम्हाला स्वतःच्या वाड्यासारखा दाखवला. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं. त्याबद्दल मास्तर नानासाहेब पेशव्यांना आजही माफ करायला तयार नाहीत. मग ते आम्हाला 'साहेबाच्या ओट्यां'पाशी घेऊन गेले. दुर्बिणी बसवायला बांधलेले चौथरे. गावाचं सांगणं असं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या साहेबाने इथूनच हेलियमचा शोध लावला. दर १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो.

"माझो आजो थंयसर पाणी भरी," मास्तर म्हणाले. साहेबाच्या माणसांना घागरीने पाणी पुरवायचं काम, पोरगेलेसं वय, मजुरी आण्यांत.

मी मनात बेरीज मांडली. मास्तर १९३८ चे. त्यांच्या आजोबांनी त्यांना मांडीवर घेऊन ही हकिगत सांगितली. १८६८ ला पाणी भरण्याइतके मोठे असते तर आजोबा नातवाच्या जन्माआधी ऐंशी ओलांडून बसलेले असते. शिवाय ऑगस्ट! श्रावणात विजयदुर्गाला आभाळाकडे दुर्बीण लावणार कोण? बोटी बंद, समुद्र खवळलेला, सूर्य आठवडाभर दिसेल न दिसेल.

खरी हकिगत अशी आहे. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात. त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. पुढे १८९५ साली रॅम्झे या शास्त्रज्ञाला हेलियम पृथ्वीवरही सापडला. आणि लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. मदतीला 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे खलाशी होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक नायगमवाला आपली यंत्रं घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. गावाने दोन ग्रहणं एकत्र केली, एवढंच.

मी हे शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. मास्तर काही बोलले नाहीत. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. बऱ्याच वेळाने मास्तरांनीच काठी आपटली. "म्हणजे जानेवारीच! आजोबा सांगायचे ना, साहेबाच्या तंबूवर आंब्याचा मोहोर पडायचा, साहेब तो हातात घेऊन वास घ्यायचा. ऑगस्टात मोहोर कुठला?" म्हणजे पुरावा त्यांच्यापाशी होताच. तो गोष्टीत होता, वर्षात नव्हता. आजोबा तेरा-चौदा वर्षांचे, साल १८९८. सगळं जुळलं. हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या हातून गेला, पण आजोबांची घागर खरी निघाली. मला विचाराल तर सौदा वाईट नाही. लोक शोध लागल्याच्या आनंदात १८ ऑगस्टला जमतात, जमोत. पण २२ जानेवारीलाही कुणीतरी जमायला हरकत नाही. आभाळ तरी स्वच्छ असेल.

परतीला अण्णा पुढच्या सीटवर बसले आणि पूर्ण वाटभर बोलत राहिले. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. त्यातलं निम्मं इंजिनाच्या आवाजात गेलं आहे.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा टाळा, आणि फेरीबोटीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा. ती चुकली की खाडी वळसा घालून पार करण्यात अख्खी संध्याकाळ जाते. ज्यांच्याकडे उतराल त्यांना 'हे कोणत्या साली झालं' असं विचारू नका. 'तेव्हा पाऊस होता का, आंबा मोहरला होता का, बोटी चालू होत्या का' असं विचारा. साल तुम्हाला घरी येऊन काढता येईल.