प्यायलात तर गाडी सुरूच होणार नाही! हे तंत्रज्ञान नेमकं काम कसं करतं?

थर्टी फर्स्टच्या रात्री नाकाबंदीत पोलीस ड्रायव्हरच्या तोंडासमोर ब्रेथ अ‍ॅनालायझर धरतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण पोलीस रोज रात्री प्रत्येक चौकात उभे राहू शकत नाहीत. मग ही तपासणी गाडीनेच केली तर?

अमेरिकेत यावर २००८ पासून संशोधन सुरू आहे. २०२१ मध्ये कायदाही झाला. तरीही तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांत हे यंत्र आलेलं नाही. घोडं कुठे अडलंय, ते समजून घेऊया.

जुनी पद्धत : आधी फुंका, मग गाडी सुरू करा

या यंत्राला ‘इग्निशन इंटरलॉक’ म्हणतात. ड्रायव्हरने त्याच्या नळीत फुंकायचं. श्वासातलं अल्कोहोल आतल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पोचलं की रासायनिक क्रिया होऊन वीज तयार होते. अल्कोहोल जितकं जास्त, तितकी वीज जास्त. ठरवलेली मर्यादा ओलांडली की इंजिन सुरू होत नाही.

मित्राला फुंकायला लावून सुटता येईल, असं वाटतंय? म्हणूनच हे यंत्र वाटेत मध्येच पुन्हा फुंकायला सांगतं. याचा आणखी एक फायदा आहे. शेवटचा पेग संपवून कुणी लगेच गाडीत बसला, तर ते अल्कोहोल अजून रक्तात पूर्ण मिसळलेलं नसतं. पहिल्या चाचणीत तो पास होऊ शकतो, दुसऱ्या चाचणीत सापडतो. मात्र तेव्हा यंत्र धावती गाडी बंद पाडत नाही, कारण ते जास्त धोक्याचं ठरेल. ते अलार्म वाजवतं आणि नोंद ठेवतं.

अडचण अशी, की अमेरिकेत हे यंत्र मुख्यतः आधी पकडल्या गेलेल्या लोकांच्याच गाडीत बसवलं जातं. जो अजून सापडलेलाच नाही, त्याला कोण अडवणार?

नवी पद्धत : श्वास किंवा बोट

अमेरिकी सरकार आणि कार कंपन्यांच्या ‘डीएडीएसएस’ या संयुक्त प्रकल्पात दोन मार्गांवर काम चालू आहे.

१) श्वास : ड्रायव्हरचा नेहमीचा श्वास सेन्सर ओढून घेतो आणि त्यावर इन्फ्रारेड किरण सोडतो. अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड हे किरण वेगवेगळ्या प्रकारे शोषतात. कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून श्वासात बाहेरची हवा किती मिसळली आहे ते कळतं आणि त्यावरून अल्कोहोलचा हिशेब लागतो.

२) स्पर्श : गाडी सुरू करायच्या बटणावर बोट ठेवलं की त्वचेखाली प्रकाश जातो. परत येणाऱ्या प्रकाशावरून अल्कोहोल मोजलं जातं.

कायद्यात तिसरा मार्गही आहे. कॅमेरे आणि सेन्सरने ड्रायव्हरचं वागणं टिपायचं. पण डोळे झोपेमुळे जड झालेत की दारूमुळे, हे ओळखणं सोपं नाही.

मग अडलंय कुठे?

एक साधा हिशेब करा. रोज १ कोटी वेळा गाड्या सुरू होतात आणि यंत्र ९९.९ टक्के वेळा बरोबर असतं, असं धरा. तरी रोज १०,००० वेळा ते चुकणार! त्यात कुणी न पिता रात्री पेशंटला घेऊन निघालेला असेल, तर?

लोक चिडले की काय होतं, हे अमेरिकेने पाहिलंय. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्या सीट बेल्ट लावल्याशिवाय सुरूच होत नसत. शेजारच्या सीटवर सामानाची पिशवी ठेवली तरी काही गाड्या अडून बसायच्या. इतकी ओरड झाली, की त्याच वर्षी तिथल्या संसदेने ही सक्ती रद्द केली. गाडीने गोळा केलेली माहिती कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न आता त्यात वाढलाय.

२०२१ च्या कायद्याने नियम तयार करायला तीन वर्षं दिली होती. नोव्हेंबर २०२४ ची मुदत उलटली, पण अंतिम नियम आला नाही. दुसरीकडे, दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे झालेल्या अपघातांत एकट्या २०२२ मध्ये अमेरिकेत १३,५२४ जणांचा जीव गेला.

आपल्याकडे काय?

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अमेरिकेत युटा वगळता बाकी राज्यांत हीच मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे.

म्हणजे तिथल्या मर्यादेवर बेतलेली गाडी जशीच्या तशी इथे आणली, तर रक्तात ६० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या ड्रायव्हरला ती खुशाल जाऊ देईल. आपल्या कायद्याने मात्र तो गुन्हेगारच ठरेल. त्यामुळे हे तंत्रज्ञान उद्या आपल्याकडे आलं, तर त्याला आणखी कमी प्रमाणातलं अल्कोहोल अचूक ओळखावं लागेल. तोवर पार्टीला जातानाच परतीच्या रिक्षा-टॅक्सीची सोय करून ठेवणं, हाच खात्रीचा उपाय!