भीतीमुळे ऑटिझम होतो का? एका चुकीच्या उत्तराचा इतिहास

"पोराले भेव बसला जी, तेव्हापासून बोलत नाही."

गडचिरोली-चंद्रपूरकडे, बोलणं थांबलेल्या लहान मुलाचे आईवडील बरेचदा अशीच सुरुवात करतात. कोणी पर्लकोटेच्या पुराची रात्र सांगतं, कोणी गावाजवळ झालेला गोळीबार. कोणी सांगतं, मिरची तोडायला तेलंगणात गेलो होतो, तिथून आल्यापासून मूल असं झालं. मग आईच हळू आवाजात विचारते, "माझंच काही चुकलं का?"

उत्तर आधी देतो. नाही. भीतीने, धक्क्याने किंवा आईच्या चुकीने ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होत नाही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते. तिची सुरुवात जन्माआधी होते आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. मग धक्क्याचा संशय का येतो? कारण काही मुलं दीड-दोन वर्षांची होईपर्यंत चार शब्द बोलतात आणि नंतर ते शब्द गमावतात. त्याच सुमारास घरात काही घडलेलं असेल, तर दोन्हींची सांगड आपोआप घातली जाते. आईवडिलांना याबद्दल दोष देता येणार नाही. जगातल्या नावाजलेल्या डॉक्टरांनीही पंचवीस वर्षं हेच केलं होतं.

1943 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 11 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात आठ मुलगे होते आणि तीन मुली. ऑटिझमची वैद्यकीय ओळख इथून सुरू झाली असं मानतात. ही मुलं जन्मापासूनच अशी दिसतात, असं कॅनरने त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण आईवडील फारसे मायाळू वाटत नाहीत, असा शेराही जाता जाता मारला होता. 1949 साली तो आणखी पुढे गेला. अशी मुलं जणू फ्रिजमध्ये ठेवल्यासारखी वाढतात, अशी उपमा त्याने दिली. तिच्यातूनच 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रूढ झाला आणि असंख्य आयांच्या कपाळी डाग लागला.

यावर कळस चढवला शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइमने. तो मूळचा व्हिएन्नाचा. 1938-39 मध्ये त्याने डाखाऊ आणि बुखेनवाल्ड इथल्या नाझी छळछावण्या भोगल्या होत्या. छावणीतले कैदी भीतीने गप्प होत आणि स्वतःत मिटून जात, हे त्याने पाहिलं होतं. ऑटिझम असलेलं मूलही तसंच मिटलेलं असतं, म्हणजे त्याच्यासाठी घरच छावणी असणार, असा तर्क त्याने 1967 च्या पुस्तकात मांडला. दोन माणसं सारखी वागतात म्हणून दोघांचं कारण एक, हा सरळसरळ चुकीचा तर्क आहे. पण लेखक नामवंत होता आणि भाषा प्रभावी, त्यामुळे लोकांना तो पटला.

उलट बाजू मांडली ती एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हा मानसशास्त्रज्ञ होता आणि त्याच्या मुलाला ऑटिझम होता. ऑटिझमचं कारण जैविक आहे, हे त्याने 1964 च्या पुस्तकात पुराव्यांसह दाखवलं. 1969 मध्ये खुद्द कॅनरने पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केलं. 1977 मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. वेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकाही जोडीत तसं आढळलं नाही. अनुवंशाचा हा पहिला ठोस पुरावा होता.

आया सुटल्या, पण एक नुकसान झालं. 'धक्क्यामुळे ऑटिझम होतो' हे खोटं ठरलं आणि त्यासोबत 'ऑटिझम असलेल्या मुलाला धक्का बसला तर काय होतं' हा प्रश्नही अडगळीत पडला. 1980 मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत ऑटिझम आणि आघातोत्तर ताण, ज्याला पीटीएसडी म्हणतात, हे दोन्ही एकाच वेळी आले. पण आघाताची लक्षणं रुग्णाने बोलून सांगायची होती. जे मूल बोलतच नाही, त्याची भीती कोण नोंदवणार?

खरं तर याचं उत्तर कॅनरच्या त्याच 1943 च्या लेखात होतं. त्यातल्या एका मुलाच्या घरच्यांनी घर बदललं. सामान नेणाऱ्यांनी त्याच्या खोलीतला गालिचा गुंडाळायला घेतला, तसा तो कासावीस झाला. नव्या घरात आपलं सामान पहिल्यासारखंच मांडलेलं दिसेपर्यंत त्याला चैन नव्हतं. ते दिसताच तो खुलला आणि एकेका वस्तूवर मायेने हात फिरवत हिंडला. मला हा सगळा लेख एवढ्या एका प्रसंगासाठी पुन्हा वाचावासा वाटतो. मोठ्यांना जो साधा बदल वाटतो, तो या मुलांसाठी पायाखालची जमीन सरकण्यासारखा असतो.

याची मोजदाद करायला 2009 उजाडावं लागलं. त्या वर्षी 6 एप्रिलला इटलीतल्या लाक्विला शहरात भूकंप झाला. तिथल्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या मुलांची जेवण, कपडे, संवाद अशी रोजची कौशल्यं तपासत ठेवली. पहिल्या काही महिन्यांत ती झपाट्याने घसरली. लगेच आणि नेटाने मदत दिल्यावर वर्षभरात त्यांतला बराच भाग परत मिळाला. म्हणजे धक्क्याने ऑटिझम झाला नव्हता, मुलाने मिळवलेलं मात्र हिरावलं गेलं होतं.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. रुमानियात चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये कोसळली. त्यानंतर तिथल्या अनाथालयांतली मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली. रटर यांच्या गटाने 1999 मध्ये अशा 111 मुलांची माहिती प्रसिद्ध केली. शंभरात साधारण सहा मुलं ऑटिझम असल्यासारखी वागत होती. पण घर मिळाल्यावर त्यांतल्या अनेकांची ही लक्षणं वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत सौम्य झाली. म्हणून निदान घाईने करू नये. आणि ही उपासमार, एकाकीपणा होता वर्षानुवर्षांचा, एका रात्रीच्या भीतीचा नव्हे.

आता आपल्याकडे या. मिरचीच्या हंगामात कुटुंबच्या कुटुंब तेलंगणात जातं. नवी झोपडी, नवी भाषा, ट्रॅक्टरचा आवाज, दिवसभर आई शेतात. पुरात शाळेत हलवलेल्या कुटुंबाचं तसंच. माडिया बोलणारं मूल मराठी अंगणवाडीत बसतं, तेव्हाही त्याच्यासाठी सगळं एकदम बदलतं. अशा वेळी ऑटिझम असलेलं मूल "भीती वाटते" म्हणत नाही. ते झोपत नाही, एकच पदार्थ खातं, कपडे ओले करतं, स्वतःला चावतं, डोकं आपटतं, आलेले शब्द सोडून देतं. लोक म्हणतात, आजार वाढला किंवा पोरगा हट्टी झाला.

इथे एक सावधगिरी हवी. आपल्या भागात सिकलसेल आणि मलेरिया दोन्ही आहेत. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं, रडू लागलं, तर ताण म्हणून सोडून देऊ नका. सिकलसेलची कळ, कानाचं दुखणं, ताप, दात हे आधी तपासून घ्या. शब्द गेले असतील तर कान तपासा. झटके येतात का, मूल मधेच टक लावून थांबतं का, हेही डॉक्टरांना सांगा.

कामाला जाताना मुलाची रोजची गोधडी, रोजची ताटली आणि एखादं आवडीचं खेळणं बरोबर घ्या. झोपायची जागा भिंतीच्या त्याच बाजूला करा. जेवण आणि झोप यांच्या वेळा जमतील तितक्या त्याच ठेवा. निघायच्या आधी दोन-तीन दिवस पिशवी त्याच्यासमोर भरा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात तपासायच्या आजारांमध्ये ऑटिझम आहे. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. गरज असेल तर पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतं. तुम्ही त्या दिवसांत बाहेरगावी असाल, तर अंगणवाडीताईंना आधीच सांगून ठेवा. आणि पथकाला नुसतं "बोलत नाही" म्हणू नका. किती शब्द बोलत होता, कोणत्या महिन्यात थांबला, त्या सुमारास घरात, गावात काय झालं, हे सगळं सांगा, पुराची रात्रसुद्धा.