अठरा जून आणि नागरिक स्वातंत्र्याचा पाठ

राज्यघटनेत हक्क लिहिले गेले म्हणजे ते नागरिकांच्या हाती आलेच, असा समज अनेकांचा असतो. गोमंतकाच्या इतिहासाने हा समज फोल ठरविला आहे. त्या इतिहासातील एका दिवसाचा आज आपणांस विचार करावयाचा आहे.

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले, तेव्हा गोमंतकीयांनाही काही काळ मोकळेपणा लाभला. परंतु १९२६ च्या लष्करी उठावानंतर वारे फिरले. १९३० साली वसाहतींचा कायदा आला. वसाहती ताब्यात ठेवणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे ऐतिहासिक कार्य होय, असे त्यात नमूद होते. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी ४ जुलै रोजी सरकारी कौन्सिलात त्याचा निषेध केला आणि गोमंतकीयांनी स्वयंनिर्णयाचा हक्क सोडलेला नाही, असे ठणकावून सांगितले.

पुढे १९३३ साली सालाझार यांची राज्यघटना अमलात आली. तिच्या आठव्या कलमात विचारस्वातंत्र्य आणि सभास्वातंत्र्य यांचा स्पष्ट उल्लेख होता. मात्र या स्वातंत्र्यांचे नियमन विशेष कायदे करतील, अशी पुस्ती खाली जोडलेली होती. सारी मेख त्या पुस्तीत होती. परिणामी गोमंतकात सभेस परवानगी लागे, छापील मजकूर सेन्सॉरच्या नजरेखालून जाई, आणि लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे.

अशा स्थितीत १९४६ च्या जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया हे आपले बर्लिनमधील विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या असोळणा येथील घरी विश्रांतीसाठी आले. तुरुंगवासाने त्यांची प्रकृती खालावली होती. भेटीस येणाऱ्यांकडून येथील मुस्कटदाबी कळताच विश्रांती बाजूस राहिली. १८ जून रोजी, भर पावसात, मडगावी विनापरवाना सभा भरली. अधिकारी मिरांदा यांनी पिस्तूल रोखले. लोहियांनी तो हात शांतपणे बाजूस सारला. दोघाही डॉक्टरांना अटक झाली. भाषण होऊ दिले गेले नाही. तथापि जमलेल्या लोकांच्या मनातील भय त्या दिवशी ओसरले. गांधीजींनीही ‘हरिजन’मधून लोहियांची बाजू उचलून धरली.

या पाठाची किंमत मात्र जबर होती. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १९५४ साली डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका भोजनसमारंभात, गोवा म्हणजे पोर्तुगालच, या उद्गारास ‘माझा निषेध आहे’ एवढेच म्हटले. तेवढ्यावरून त्यांना अटक होऊन पोर्तुगालला जावे लागले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने तो भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला. आपल्या घटनेचे एकोणिसावे कलमही स्वातंत्र्यांवर निर्बंध घालू देते, हे खरे. मग भेद कोणता? येथे निर्बंध वाजवी असावा लागतो, आणि तो वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासते. बाविसाव्या कलमान्वये अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम मात्र वेगळे आहेत. बत्तिसावे कलम तर थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडते.

तरीही गाफील राहून चालणार नाही. १९७५ च्या आणीबाणीत हेच दार बंद झाले, आणि १९७६ साली जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती खन्ना यांचा विरोध वगळता, त्यास मान्यता दिली. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विसावे व एकविसावे कलम आणीबाणीतही अबाधित राहील, अशी तजवीज केली.

तेव्हा एकोणीस ते बावीस आणि बत्तीस ही कलमे मराठीत घरोघर वाचली जावीत, शाळेत मुलांना समजावून दिली जावीत. मडगावच्या लोकांपाशी अशी घटना नव्हती, तरी ते पावसात उभे राहिले. आपणांपाशी ती आहे. निदान ती वाचण्याचे कष्ट तरी आपण घ्यावयास हवेत.