फर्नेस, घरगुती (गॅसवरील)

नैसर्गिक वायू किंवा प्रोपेन जाळून हवा तापवणारे व ती पंख्याच्या जोरावर पत्र्याच्या नळवाटांतून घरभर फिरवणारे यंत्र. अमेरिका व कॅनडा येथील स्वतंत्र घरांत ते सर्रास आढळते. तळघर, गॅरेज, माळा किंवा कपाटवजा छोटी खोली ही त्याची नेहमीची जागा. ब्रिटनमध्ये गॅसवर पाणी तापवून ते रेडिएटरमधून फिरवण्याची पद्धत रुळली. त्या यंत्राला बॉयलर म्हणतात व त्याची देखभाल निराळी असते. त्याचा विचार या नोंदीत केलेला नाही. महाराष्ट्राच्या हवेत फर्नेसची गरज पडत नाही, पण न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरोंटोच्या परिसरात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाची तिच्याशी पहिल्याच हिवाळ्यात गाठ पडते. तिची भीती वाटते ती गॅसमुळे. प्रत्यक्षात तिचे बहुतेक बिघाड आणि जवळजवळ सगळे धोके हवेच्या वाटेवर उद्भवतात: जळणाला लागणारी हवा, धुरांड्यातून बाहेर जाणारी हवा आणि घरात खेळणारी हवा.

पूर्वपीठिका : आयोवा राज्यातील मार्शलटाउन येथे डेव्ह लेनॉक्स यांनी १८९५ मध्ये पोलादी पत्रे रिव्हेटने जोडून केलेली कोळशाची फर्नेस विकायला सुरुवात केली. तेव्हाच्या फर्नेसला पंखा नसे. गरम हवा आपोआप वर चढावी म्हणून यंत्र तळघरात ठेवत; पंखा आल्यावरही ती जागा बव्हंशी तशीच राहिली. न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या अॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेला डिसेंबर १९१९ मध्ये गॅसवर चालणाऱ्या, घराच्या निरनिराळ्या भागांत उष्णता पोहोचवणाऱ्या तापनयंत्रणेचे पेटंट मिळाले. तिचा आराखडा होता तसा कधी बाजारात आला नाही, तरी कोळशाऐवजी गॅसने घर तापवण्याच्या वाटचालीत तिचे नाव घेतले जाते. गॅसचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. युद्धकाळात टेक्सासहून पूर्व किनाऱ्याकडे तेल नेण्यासाठी टाकलेल्या ‘बिग इंच’ व ‘लिटल बिग इंच’ या नळवाहिन्या १९४७ पासून नैसर्गिक वायू वाहू लागल्या आणि कोळसा फावड्याने ओतण्याचे दिवस संपत गेले.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेच्या तळाशी साठलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण, बहुतांश मुले, मृत्युमुखी पडले. गळती कुणालाच कळली नव्हती. त्यानंतर गॅसमध्ये मर्कॅप्टनसारखी उग्र वासाची द्रव्ये मिसळणे सक्तीचे होत गेले. आपल्याकडच्या सिलिंडरचा वासही याच कुळातला. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. गावाबाहेरच्या घरांत प्रोपेनच्या टाकीवर फर्नेस चालते, तिथे तळघरात वास आल्यास अधिक सावध राहावे लागते.

कार्य : भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधुनिक फर्नेस लगेच पेटत नाही. आधी एक छोटा पंखा (इंड्यूसर) जळणकक्षातली जुनी हवा ओढून धुरांड्याकडे ढकलतो. ओढ पुरेशी आहे की नाही हे दाबावर चालणारी एक कळ, म्हणजे प्रेशर स्विच, पाहते. तिने होकार दिल्यावर प्रज्वलक लालबुंद होतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्वालेत बुडालेली एक धातूची कांडी ज्वालेतून वाहणारा काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह मोजते. काही सेकंदांत तो आढळला नाही, तर व्हॉल्व्ह बंद. ठरलेल्या प्रयत्नांनंतर यंत्र स्वतःला कुलूप लावून बसते आणि आतला दिवा ठराविक वेळा लुकलुकून कारण सांगतो. त्या लुकलुकीचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. ज्वाला स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने मोठा पंखा सुरू होतो आणि हीट एक्स्चेंजरच्या बाहेरून हवा फिरवतो. हीट एक्स्चेंजर म्हणजे पातळ धातूचे पोकळ कप्पे किंवा नळ्या: आत ज्वालेचे वायू, बाहेर आपण श्वासात घेतो ती हवा. या दोहोंना वेगळे ठेवणारा पत्रा हाच या यंत्रातला सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा भाग.

१९८०च्या आधीच्या अनेक फर्नेसमध्ये सतत तेवणारी छोटी पायलट ज्योत असे व तिच्या उष्णतेवर थर्मोकपलने निर्माण केलेल्या काही मिलिव्होल्ट दाबावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राही. असे यंत्र आजही कुठे कुठे भेटते. ज्योत विझली असल्यास गॅस बंद करून किमान पाच मिनिटे थांबावे, वास पूर्ण गेल्याची खात्री करावी आणि यंत्रावर छापलेल्या क्रमानेच पुन्हा पेटवावी.

मध्यम घराच्या फर्नेसची क्षमता ताशी ६०,००० ते १,००,००० बीटीयू असते. १,००,००० बीटीयू म्हणजे सुमारे २९ किलोवॉट. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीचे दहाबारा बर्नर एकदम पूर्ण पेटवल्यासारखे. कार्यक्षमता ‘एएफयूई’ या टक्केवारीत सांगतात. ८० टक्क्यांच्या यंत्रात पाचवा हिस्सा उष्णता गरम धुरासोबत धातूच्या धुरांड्यातून जाते. ९० टक्क्यांच्या वरचे यंत्र दुसऱ्या एक्स्चेंजरमध्ये धूर इतका थंड करते की त्यातली वाफ पाणी होऊन गळते. त्याचा उरलेला धूर प्लास्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर काढता येतो. हे पाणी आम्लधर्मी असते आणि कडाक्याच्या थंडीत दिवसाकाठी कित्येक लिटर जमते. त्याची नळी तुंबली की यंत्र बंद पडते. कॅनडाने नव्या फर्नेससाठी किमान ९५ टक्क्यांची अट घातली आहे.

हवा आणि गाळणी : घरमालकाच्या हातात असलेले सर्वांत मोठे काम म्हणजे परतीच्या हवेच्या वाटेवरची गाळणी बदलणे. एक इंच जाडीची गाळणी थंडीत महिन्यातून एकदा काढून उजेडासमोर धरावी. आरपार दिसत नसेल तर बदलावी. चार-पाच इंची जाड गाळणी सहा महिने किंवा वर्षभरही टिकते. चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेने असावा. मराठी घरांत वेळापत्रक छापील सूचनेपेक्षा थोडे घट्ट ठेवणे बरे. सहा महिने खिडक्या बंद, रोजची फोडणी, संध्याकाळची उदबत्ती. तेलाचा सूक्ष्म थर आणि काजळी गाळणीवरच येऊन बसते. गाळणी तुंबली की हवा कमी वाहते, एक्स्चेंजर प्रमाणाबाहेर तापतो, आणि लिमिट स्विच नावाची तापमर्यादा कळ ज्वाला तोडते. एक्स्चेंजर थंड होतो, ज्वाला पुन्हा पेटते, पुन्हा तुटते. घर नीट गरम होत नाही आणि धातू सतत ताणला-सैलावला गेल्याने पत्र्याला तडा जाण्याची शक्यता वाढते. दुकानातली सर्वांत महाग, सर्वांत बारीक जाळीची गाळणी आणून लावल्यानेही हेच होऊ शकते. गाळणीची बारीकी ‘मर्व्ह’ या अंकाने मोजतात. ८ ते ११ मर्व्ह बहुतेक घरांना पुरते. त्याहून वर जायचे असेल, तर फर्नेसच्या पाटीवर लिहिलेली तापमानवाढ, म्हणजे येणाऱ्या व जाणाऱ्या हवेतील फरक, मोजून पाहावी. अनेक यंत्रांत ती ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट असते. न वापरलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून गॅस वाचवण्याचा लोकप्रिय उपायही हवा अडवण्याचाच प्रकार आहे. त्यातून बचत क्वचितच होते.

जळणाला हवा लागते ती वेगळी. एक घनफूट वायू जळायला सुमारे दहा घनफूट हवा खर्च होते. जुन्या पद्धतीची, खोलीतलीच हवा घेणारी फर्नेस असेल तर दर ताशी १,००० बीटीयूला ५० घनफूट जागा मोकळी असावी असा अमेरिकी संहितेतला प्रचलित नियम आहे. म्हणजे १,००,००० बीटीयूला ५,००० घनफूट. तळघर ‘फिनिश’ करून तिथे पाहुण्यांची खोली काढताना फर्नेसला चार भिंतींत कोंबले जाते आणि ही हवा हरवते. झरोक्याचे दार किंवा बाहेरून हवेची नळी हे त्यावरचे उपाय. अशाच घरात स्वयंपाकघरात जबर ताकदीचा एक्झॉस्ट बसवला, तर तो घरातली हवा इतकी ओढतो की धुरांड्यातला धूर उलटा खाली येऊ शकतो. म्हणूनच अनेक ठिकाणी मिनिटाला ४०० घनफुटांहून अधिक हवा ओढणाऱ्या हूडसोबत बाहेरून भरपाईची हवा आणण्याची सक्ती असते. फोडणीच्या धुरावर मोठा पंखा हा आपल्या लोकांचा आवडता तोडगा असल्याने ही गोष्ट कंत्राटदाराला आधीच विचारावी.

फर्नेसजवळ रंग, थिनर, पेट्रोल ठेवू नये हे सगळे जाणतात. ब्लीच आणि क्लोरीनयुक्त धुलाईची द्रव्येही तिथे नकोत: त्यांची वाफ ज्वालेत आम्ल होऊन एक्स्चेंजरचा पत्रा खाते.

कार्बन मोनॉक्साइड : हवा अपुरी पडली की जळण अर्धवट होते आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग, वास, चव काहीच नसते, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे फ्लूसारखी वाटतात. घरातल्या सगळ्यांना एकदम त्रास होणे व बाहेर गेल्यावर बरे वाटणे ही ओळखीची खूण. आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक मृत्यू होतात, अर्थात सगळेच फर्नेसमुळे नव्हेत. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे दगावल्याच्या महाराष्ट्रातल्या बातम्यांमागे हाच वायू असतो.

त्यामुळे प्रत्येक मजल्यावर व झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. अमेरिकी मानकानुसार तो दशलक्षात ७० भाग इतके प्रमाण झाल्यास एक ते चार तासांत, ४०० भाग झाल्यास चार ते पंधरा मिनिटांत वाजतो. म्हणजे थोड्या प्रमाणावर तो मुद्दाम गप्प राहतो. अलार्म वाजला नाही म्हणून सगळे ठीक आहे असे समजणे चूक. उपकरणाचे आयुष्य पाच ते दहा वर्षे, तारीख मागे छापलेली असते. वाजल्यास सर्वांनी बाहेर पडून मगच अग्निशमन दलाला फोन करावा. खिडक्या उघडून आत बसून राहू नये.

भिंतीतून बाहेर निघालेली प्लास्टिकची नळी बर्फाखाली गाडली जाणे हा नव्या यंत्रांचा खास धोका. जानेवारी २००५ मधल्या हिमवादळात मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे अशी नळी बर्फाने बुजून सात वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला; तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने राज्यातल्या घरांत हे अलार्म सक्तीचे झाले. बर्फ पडताना दारासमोरची वाट मोकळी करण्याआधी घराच्या कडेची ही नळी मोकळी करावी.

वापर आणि तपासणी : फर्नेसजवळच्या भिंतीवर दिव्याच्या बटनासारखेच एक बटन असते. ते यंत्राचे असते. दिवा समजून कुणीतरी ते बंद करते आणि मग तंत्रज्ञ येऊन बटन लावून पैसे घेऊन जातो. झाकण नीट न बसल्यासही यंत्र सुरू होत नाही, कारण दारामागे सुरक्षा कळ असते. थर्मोस्टॅटची बॅटरी, बटन, झाकण, गाळणी, बाहेरची नळी: फोन उचलण्याआधी एवढे पाहावे. ज्वाला निळी व स्थिर असावी. पिवळी, आळसावलेली ज्वाला किंवा मोठा पंखा सुरू होताच हलणारी ज्वाला दिसली, तर यंत्र बंद करावे. गॅसच्या नळावरचा दांडा नळाशी काटकोनात असला की पुरवठा बंद असतो.

डिसेंबरात भारतात येणारी कुटुंबे गॅस वाचवायला हीटिंग पूर्ण बंद करतात. ते करू नये. पाण्याचे नळ गोठून फुटतात. थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली आणू नये, पाण्याचा मुख्य नळ बंद करावा, आणि शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा डोकावायला सांगावे.

गॅसचा वास आल्यास कोणतेही बटन लावू वा बंद करू नये, फोनही आतून करू नये. बाहेर पडून मग गॅस कंपनीला किंवा ९११ ला कळवावे.

वार्षिक तपासणी थंडीपूर्वी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. नुसता धूळ झाडून जाणारा नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचे मापन, गॅसचा दाब, तापमानवाढ, ज्वालेच्या कांडीतला प्रवाह, पाण्याच्या नळीची सफाई, एक्स्चेंजरची पाहणी, हे आकड्यांनिशी लिहून मागावे. ज्वालेची कांडी हलकेच घासून पुसणे हुशार घरमालक स्वतः करतो. प्रेशर स्विच किंवा लिमिट स्विचला तारेचा तुकडा लावून बगल देणे मात्र कुणीही, एका रात्रीसाठीही करू नये; घातक अपघातांचा इतिहास बघता हेच सर्वांत निंद्य.

आयुष्य : १५ ते २० वर्षे. ‘एक्स्चेंजरला तडा गेला आहे, आजच नवी घ्या’ हे वाक्य खरेही असते आणि विक्रेत्याचे आवडतेही; तड्याचे छायाचित्र किंवा धुराच्या मापनाचा आकडा दाखवायला सांगावे व मत दुसऱ्या ठिकाणी पडताळावे. नवी फर्नेस जुनीच्या आकाराची आपोआप घेऊ नये. जुन्या काळी ती सढळ हाताने मोठी बसवली जाई, आणि मधल्या काळात खिडक्या बदलल्या, भिंतींत उष्णतारोधक भरले गेले. घराची उष्णतेची गरज मोजूनच क्षमता ठरवावी. उच्च कार्यक्षमतेची फर्नेस बसवून तिचा धूर भिंतीतून काढला, की जुन्या धुरांड्यात फक्त पाणी तापवणारा हीटर उरतो. दोन यंत्रांसाठी बांधलेले ते धुरांडे एकट्याच्या उष्णतेने तापत नाही, धूर वर चढत नाही आणि आतल्या विटा ओलावतात. त्यात लहान व्यासाचे अस्तर घालण्याचा खर्च नव्या फर्नेसच्या अंदाजपत्रकातच धरावा लागतो.