सातबारा मोजायचा की खातेदार?

वाळवा तालुक्यातल्या एखाद्या गावात खातेदार किती, हा प्रश्न वरवर सोपा आहे. तलाठ्याच्या दप्तरातली नावं मोजा, झालं. पण कुठल्या नमुन्यातली?

१८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी जमीनमोजणी सुरू केली, तिला मुख्यतः सारा कोण भरणार हे हवं होतं. नंबर आणि त्यापुढे खातेदार. मग १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला आणि भाऊ, वारस, गहाणदार असे सगळ्यांचे हक्क कागदावर यायला लागले. इथून मोजणं अवघड झालं. एका नंबरावर अनेक नावं, एका नावावर अनेक नंबर.

डेटाबेसच्या भाषेत हे मेनी-टू-मेनी नातं. कॉडने रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० साली, पण तलाठ्याचं दप्तर बघा: गाव नमुना ७ म्हणजे जमिनीमागे एक पान, ८अ म्हणजे खात्यामागे एक, ६ म्हणजे फेरफारांची वही. सातबाऱ्यावर नावापाशी वर्तुळात जो आकडा दिसतो तो फेरफार क्रमांक, म्हणजे चक्क फॉरेन की. आणि ८अ मला तर हातानं लिहिलेला ग्रुप बायच वाटतो!

आता मोजून बघू. समजा एका गटावर दोन खातेदार आहेत आणि तीन फेरफार. गटाला दोन्ही टेबलं एकदम जोडलीत तर सहा ओळी येतात, आणि काउंट म्हणतो खातेदार सहा, फेरफारही सहा. एरर काहीच नाही. म्हणून खाते क्रमांकावर काउंट डिस्टिंक्ट लावा, किंवा दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या करून मग जोडा. (सातबाऱ्यावर कंस केलेली नावं कमी झालेली असतात, ती आधी गाळायची.) ज्या गटावर फेरफारच नाही तो साध्या जॉइनमध्ये गायब होतो. लेफ्ट जॉइन केलात तर तो राहतो, पण काउंट स्टारने त्याचा आकडा शून्याऐवजी एक येतो, कारण रिकामी का होईना, ओळ असते. तिथे फेरफार क्रमांकाचा कॉलमच मोजायचा.

गावाच्या पातळीवर हे लक्षात तरी येतं. जिल्ह्याच्या पातळीवर इतिहासच खोटा होतो. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके १९४१च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली ते आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, उरलेला उत्तर सातारा. १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. जिल्ह्याच्या नावावर १९४१ आणि १९५१ जोडलीत तर ‘सातारा’ला जोडीदारच सापडत नाही. १९४१ आणि १९६१ जोडलीत तर सापडतो, पण तो अपुरा सातारा असतो, आणि वीस वर्षांत माणसं कुठे गेली याची कारणं आपण शोधत बसतो: दुष्काळ, मुंबईच्या गिरण्या, काहीही. गेलेली असते जिल्ह्याची हद्द.

माझ्या कामात मी जिल्ह्याचं नाव किल्ली म्हणून वापरतच नाही. गावाला एक कायमचा क्रमांक, आणि ते कोणत्या साली कोणत्या जिल्ह्यात होतं याचं वेगळं टेबल. त्यात वाळव्यातल्या प्रत्येक गावाला तीन ओळी आहेत: सातारा, दक्षिण सातारा, सांगली. तेव्हा गावं मोजताना तिथेही डिस्टिंक्ट लागतंच.