लेखी नोंदीविना सापडलेला भूकंप

१/६
अमेरिकेच्या वायव्येकडील सिएटलमध्ये गोरे वसाहतकार १८५१ साली आले. तेथील लेखी इतिहास मुख्यतः तेव्हापासूनचा. मात्र शहराखालचा प्रस्तरभंग, म्हणजे खडकांना सरकवणारी भेग, त्यापूर्वी नऊ शतके प्रचंड हादरला होता.

२/६
हिमनद्यांचा गाळ, दाट अरण्य आणि प्युजेट साउंडचे पाणी यांखाली ही भेग झाकलेली होती. तिच्या हादऱ्याचा माग वरच्या गाळातूनही लागला.

३/६
१९९२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात संशोधकांनी विखुरलेल्या खुणा एकत्र मांडल्या. रिस्टोरेशन पॉइंटचा किनारा सुमारे ७ मीटर उचलला गेला होता. वेस्ट पॉइंटच्या दलदलीवर त्सुनामीने वाळूचा थर पसरला होता. लेक वॉशिंग्टनच्या तळाशी दरडींसोबत घसरलेले वृक्ष होते. साऱ्यांचा काळ एकच : सुमारे ११०० वर्षांपूर्वीचा.

४/६
पुढे विमानातून केलेल्या लेसर मोजणीत बेनब्रिज बेटावरील झाडीखाली एक सरळ उंचवटा उमटला. तेथे चर खणताच गाळाचे तुटलेले, सरकलेले थर दिसले. भूकंप एकच झाला नव्हता, हेही त्यांवरून कळले.

५/६
स्थानिक सॅलिश लोकांच्या कथांत जमीन हादरवणारा, दरडी कोसळवणारा ‘अयाहोस’ येतो. त्याच्याशी जोडलेली काही स्थळे याच भेगेच्या आसपास आहेत. लिपी नसलेल्या समाजाने स्मृती अशी जपली.

६/६
२०२३ साली वृक्षांच्या वलयांवरून काळ आणखी नेमका झाला : इ.स. ९२३ची शरद ते ९२४चा वसंत. त्या भेगेवर आज महानगर वसले आहे, आणि भेग अजूनही जागृत आहे.